छत्री बघून थांबणारी गाडी

आमच्या गावाची छोटी गाडी छत्री बघून थांबायची. कोणाला उशीर झाला की स्टेशनावर आधी पोचलेला माणूस छत्री उघडून उंच धरायचा, आणि ड्रायव्हर समजून जायचा की बांधावरून कोणीतरी पळत येतंय. मीही कितीदा तरी अशीच धापा टाकत चढले आहे. गार्ड म्हणायचा, "बाई, आज लय लवकर आल्या," आणि अख्खा डबा हसायचा. त्या गाडीचं वेळापत्रक मी कधी पाहिलं नाही. गावात कोणीच पाहिलं नव्हतं. गाव आलं की गाडी थांबते, त्यात पाहायचं काय?

आमचं गाव म्हणते, पण मी तिथली फक्त शिक्षिका. नवरा चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला वीजकेंद्रात, क्वार्टर तिथलंच, लेकही तिथंच बापाजवळ. शनिवारी शाळा आटोपली की छोट्या गाडीनं जंक्शन, तिथून दुसरी गाडी चंद्रपूरची. घरी पोचेपर्यंत अंग आंबून जायचं, पण दर आठवड्याला लेक दिसायची.

मग अरुंद रूळ काढून लाईन मोठी करायचं ठरलं आणि छोटी गाडी बंद झाली. शेवटच्या दिवशी आम्ही इंजिनाला हार घातला, नारळ फोडला, शाळेतल्या पोरांना पेढे वाटले. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताना इतकी खूश झालेली माणसं मी दुसरी पाहिली नाहीत. त्यांत मी सगळ्यांत पुढे होते.

त्यानंतर राहिली एक बस. ती दुपारीच निघून जायची आणि माझी शाळा शनिवारीही दिवसभर, ती सुटेपर्यंत चार वाजून गेलेले असायचे. चारनंतर जंगलातल्या रस्त्यावर मोटरसायकल घालायची नाही, असं गावानं ठरवलं होतं. वाघाची भीती उगीच नव्हती. मोहफुलं वेचायलासुद्धा बाया घोळक्यानं जात. एकदा मी एका पालकाला जंक्शनपर्यंत सोडायची गळ घातली, तर मी जिच्याकडे खोली घेतली होती ती मावशी दारात आडवी उभी राहिली. "काई जाऊन नाई राह्यल्या तुमी. उद्या तुमच्या पोरीले मी काय सांगू?" मी रागानं जेवले नाही. मावशीनं ताट झाकून ठेवलं आणि तीही जेवली नाही.

महिन्यातून एकदा रजा टाकून घरी जायचं, एवढंच उरलं. खोलीच्या खिडकीतून लाईनचं काम दिसायचं. दिवसभर टिप्पर मुरूम टाकायचे. भराव वाढत वाढत खिडकीच्या वर गेला आणि समोरचं तळं दिसेनासं झालं. पुढे भरावाला कुंपण आलं, तळ्याकडची पायवाट तुटली.

अशात बदली मागायची माझी पाळी आली. चंद्रपूरच्या जवळची शाळा मिळण्यासारखी होती. गाव खोलीवर आलं. "बाई, मोठी गाडी आली का दोन घंट्यात घरी जासान. आमच्या पोराईले सोडून काऊन जाता?" मावशीनं त्या दिवशी वडे तळले. मला कोणी जबरदस्ती केली असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी हवीहवीशी आहे, हे ऐकून मी हरभऱ्याच्या झाडावर चढले आणि अर्ज भरलाच नाही. नवरा फोनवर एवढंच म्हणाला, "तुझं तू बघ." भांडला असता तर बरं झालं असतं.

शेवटी फलाट झाला. गावाच्या नावाची पिवळी पाटी लागली, बाक बसले. लाईनवरच्या गँगमनला आम्ही गाठलं. पहिली गाडी कधी? "शनिवारी, पावणेपाचले तुमच्या गावातून. चंद्रपूरले सातच्या आत." मी त्याच दिवशी लेकीला फोन केला. आता आठवीत होती ती. म्हणाली, "नक्की ना? मी आणि पप्पा स्टेशनवर येऊ." मी म्हणाले, नक्की.

शनिवारी अख्खं गाव फलाटावर. पोरांच्या हातात कागदी झेंडे. मी बॅग घेऊन सगळ्यांच्या पुढे, तरी मावशीनं छत्री उघडून उंच धरली. "नवी गाडी हाय. तिले आपली वळख नाई."

गाडी दिसली. मी वाकून बॅग उचलली. भोंगा वाजला, पण वेग काही कमी होईना. डब्यामागून डबे गेले, खिडकीतल्या कोणीतरी हात हलवला, आमच्या पोरांनीही हलवला. मावशीची छत्री वाऱ्यानं उलटी झाली. "पुढं जाऊन थांबन," ती म्हणाली. आम्ही सगळे तिकडे बघत राहिलो.

गँगमन सायकल ढकलत आला. "इथी थांबा नाई बाई. आता जंक्शनलेच थांबते. तुमी वेळ इचारली, मी वेळ सांगतली." त्याचं काहीच चुकलं नव्हतं. तरी मी चारचौघांत त्याला वाट्टेल ते बोलले. तो खाली मान घालून ऐकत राहिला, आणि मला माझीच लाज वाटली.

बस गेलेली होती, चार वाजून गेलेले होते. गाव पांगलं. मावशीनं माझी बॅग उचलली, मी तिला म्हटलं, तू हो पुढे. गावात फोनला धड रेंज मिळते ती फक्त त्या उंच फलाटावर. दोन तास मी बाकावर बसून होते. कितीदा नंबर काढला आणि फोन परत मांडीवर ठेवला. कोणत्या तोंडानं सांगायचं, की शिकलेल्या बाईनं गाडी थांबते का, एवढंही विचारलं नाही?

सातला पाच कमी असताना तिचाच फोन आला. मागे स्टेशनचा गलका.

"आई, आली गाडी! कोणत्या डब्यात आहेस तू? आम्ही इंजिनाजवळ उभे आहोत."

माझ्या तोंडून निघालं, "शेवटच्या."

"पप्पा, शेवटच्या!" ती ओरडली, आणि ती पळत निघाल्याचं मला फोनवर ऐकू येत राहिलं.