एक धडा पुढे

हंगेरीच्या शाळांतून रशियनची सक्ती उठली, त्या वर्षी कार्त्साग गावच्या शिक्षिका एतेल्काबाईंच्या हाती जर्मनचे पुस्तक आले. वीस वर्षे रशियन शिकवलेल्या बाईंना नोकरी टिकवायची तर आता जर्मन शिकवणे भाग होते. संध्याकाळी एक धडा स्वतः शिकायचा आणि सकाळी तोच वर्गात तोऱ्यात शिकवायचा, असा त्यांचा क्रम होता.

मुलांनी हे ओळखले. बाईंची फजिती करायची म्हणून ती पुढचे धडे गुपचूप पाठ करून येऊ लागली.

"बाई, याचा अर्थ काय हो?" वर्गातला गेर्गे न शिकवलेल्या पानावर बोट ठेवून विचारी.

"आधी तू सांग, मग मी चुका काढते."

बाईंना कायम करायचे की नाही, हे ठरवायला वसंतात तपासनीस आले आणि त्यांनी नेमका पुढचाच धडा विचारला. बाईंनी पुस्तक मिटले आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "हे तर मुलंच सांगतील."

बाईंना येत नाही ते आपल्याला येते, हे दाखवायला सगळ्या वर्गाने धडाधड उत्तरे दिली. तपासनीस खूश झाले. बाई कायम झाल्या.

"घ्या! आपणच वाचवलं हिला," गेर्गे कपाळावर हात मारून पुटपुटला.

बाईंनी ते ऐकले. "उद्या त्याच्याही पुढचं विचारा हं," त्या गोड हसून म्हणाल्या.