सक्तीचा बंद

नर्सचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात न्यायचा डबा भरत होते. ती म्हणाली, "अम्मा, होयतु." म्हैसूरला वीज गेली तरी लोक हेच म्हणतात, होयतु, गेलं. मी म्हटलं, "मग जनरेटर लावा की!" ती म्हणाली, "वीज नव्हे, अम्मा..." तेव्हा उमगलं, तुमचे आजोबा गेले.

त्यांची सगळी नोकरी सरकारी वीज खात्याच्या दिल्लीच्या कचेरीत झाली. कोळशाच्या केंद्रांनी किती वीज दिली, अणुभट्ट्यांनी किती, ही वर्षाची कामगिरी मार्चअखेर लिहून झाली की ते म्हैसूरला, नजरबादच्या घरी येत. केंद्र आधी कळवून दुरुस्तीला थांबलं तर माफ. न कळवता पडलं तर तो सक्तीचा बंद, आणि तो डाग. घरालाही हाच न्याय. पाहुण्यांसमोर म्हणायचे, "मुलगी माझी अणुभट्टी. पेटायला वेळ, मग वर्षभर अखंड. हा श्रीधर मात्र कोळसा. धूर फार, उजेड बेताचा." पाहुणे पोट धरून हसत. तुमचे बाबा ताटात बघत.

पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या परीक्षेत बाबांना कावीळ झाली आणि वर्ष गेलं. आजोबा आले ते थेट त्याच्या खोलीत. तो म्हणाला, "बरं नव्हतं, अप्पा."

"आधी कळवलं होतंस? नाही ना? मग सक्तीचा बंद." टेबलावरचा बल्ब त्यांनी काढून खिशात टाकला. "उत्पादन शून्य, मग खप कशाला?"

पुढचं वर्ष तो स्वयंपाकघरात, माझ्या शेगडीशेजारी बसून शिकला. पास झाला, परदेशी गेला. दर एप्रिलला फोन करून आपली प्रगती सांगायचा, एका शाबासकीसाठी. उत्तर ठरलेलं: "गेल्या वर्षीपेक्षा बरं."

दवाखान्यातही त्याचा फोन आला. "अप्पा, येऊ?"

"कशाला? तू आल्यानं माझं उत्पादन वाढणार आहे?"

फोन ठेवला, आणि मग दारात पाऊल वाजलं की विचारायचे, "श्रीधर का?" मी म्हटलं, "तुम्हीच नको म्हणालात." म्हणाले, "तो माझं कधीपासून ऐकायला लागला?"

गेल्याचं मी बाबांना कळवलं. मग त्याने विचारलं, "आधी कळवलं होतं का त्यांनी?" आणि तो आला नाही. बाबा का नाही आले, असं तुम्ही फोनवर विचारलंत, म्हणून हे लिहिलं.

परवा बाबांच्या त्या खोलीत नवा बल्ब लावायला इलेक्ट्रिशियन बोलावला. बल्ब पेटेना. त्याने होल्डर उघडला. "करंट इल्ला, करंटच नाही, अम्मा. आत वायरच तोडलीय कुणीतरी. फार जुनं काम आहे." म्हणजे आजोबांनी नुसता बल्ब नव्हता काढला... इतकी वर्षं मी आणि तुमचे बाबा, दोघंही बल्बच समजत होतो.

"जोडू का?" त्याने विचारलं.

"आत्ता नको," मी म्हटलं. "मुलगा येणार असला तर आधी कळवेल."