निळ्या बॉनेटवरचे खड्डे

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बहिणीला नाही, मुलाला नाही, आणि जिथे ती सर्वांत आधी सांगायला हवी होती तिथे तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. हे कारण फारसे अभिमानाचे नाही — पण खरे आहे, आणि आज खऱ्यापासूनच सुरुवात केलेली बरी.

मी हैदराबादेत नारायणगुड्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे. प्रयोग लिहिण्याचा एक क्रम असतो: साहित्य, कृती, निरीक्षण आणि शेवटी अनुमान. मुले घाईने अनुमान आधी लिहीत आणि मी त्यावर लाल रेघ मारीत असे. आज माझीच स्थिती उलटी आहे. अनुमान मला ठाऊक आहे, तिथवर जाण्याचीच भीती वाटते. म्हणून क्रम धरूनच जाते.

साहित्य म्हणजे एक अँबॅसेडर गाडी. फिकट निळी, आमच्या अभयपेक्षा वयाने मोठी, नल्लकुंट्यातल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये उभी. ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, नोकरीच्या उमेदीच्या काळात ती कोणाकडून तरी जुनीच घेतली होती. अभय जन्मला तेव्हा दवाखान्यातून त्याच गाडीतून घरी आला. शिकायला पुण्याला निघाला तेव्हा त्याच गाडीतून स्टेशनवर गेला. पुढे तो पुण्याचाच झाला. गाडी राहिली. दारांच्या तळाशी गंज धरला, छताचे पोपडे सुटले, बॉनेट उन्हाने पांढुरके पडले. निवृत्तीनंतर ह्यांनी ठरवले, की गाडीला पुन्हा नवे करायचे — गॅरेजमध्ये नाही, घरीच, स्वतःच्या हाताने.

आणि ती वर्षे राज्य दुभंगण्याची होती. आज बंद, उद्या मोर्चा, परवा शाळांना सुट्टी. नाक्यावर, दुधाच्या रांगेत, सगळीकडे तेच प्रश्न — पेन्शन आता कोणत्या राज्यातून येणार? गाड्यांचे नंबर बदलावे लागणार का? आम्हा मराठी माणसांचे तर आणखी विचित्र. भांडण दोन तेलुगू घरांतले आणि आम्ही मधल्या भिंतीला टेकून बसलेलो. अभय दर रविवारी फोन करी. “बाबा, तिकडचं काही सांगता येत नाही. तुम्ही दोघं इकडे या. गाडी काय, विकून टाका.”

हे म्हणत, “विकायची नाही. रंग झाला की तीच चालवत येतो. ट्रकवर घालून आणायला ती काही कपाट नाही.”

पूर्वी जुने हैदराबाद राज्य भाषेप्रमाणे वाटले गेले, तेव्हा माझे सासरे इथेच राहिले होते आणि त्यांचे दोघे भाऊ औरंगाबादेला गेले होते. ते राहणे सासऱ्यांना पुढे जन्मभर थोडे बोचत असे. ह्यांच्या मनात ते होतेच. एका संध्याकाळी मला म्हणाले, “बाबा राहिले, आपण जाऊ. घराचं पुढं बघू. तुला काय वाटतं?”

मला काय वाटत होते? माझा जन्म नल्लकुंट्यातला. विद्यानगरच्या रस्त्याने जाताना एखादी बाई थांबून “नमस्ते टीचर” म्हणते, आणि तिच्या चेहऱ्यातून मला तिच्या लहानपणच्या वेण्या दिसतात. पुण्यात मला कोण थांबवणार होते? मला जायचे नव्हते. मुळीच नव्हते. हे एक वाक्य तेव्हा उच्चारले असते तर पुढचे काहीच घडले नसते. ह्यांचा स्वभाव ऐकून घेणारा आहे. नसता, तर निदान एक निमित्त तरी माझ्यापाशी असते.

मी म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं.”

आता कृती. जुना रंग पाण्याच्या पॉलिश-कागदाने घासून काढायचा. खाचखळगे लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवायचे, ती वाळली की पुन्हा घासायची. मग प्रायमर, आणि त्यावर स्प्रे गनने रंग. ह्यांनी ओळखीच्या एकाकडून कॉम्प्रेसर आणला आणि आमचा पोर्च जुन्या चादरींनी बंद करून टाकला. पलीकडचे नरसिंगराव रोज सकाळी भिंतीवरून डोकावत आणि आमच्या हैदराबादी हिंदीत विचारत, “क्या कदमसाब, दुल्हन का मेकअप अब्बी चालूच है? इसके तय्यार होते तक दूल्हे के दाँतां गिर जाते!”

“दाँतां तो कबके गए, नरसिंगराव. अब मेकअपीच बाकी है!” हे आतून ओरडत, आणि दोघेही म्हातारे पोरांसारखे हसत.

ह्यांना रंगाचा अनुभव नव्हता. पण मी सांगे तो नियम ते पाळीत. एक नियम मी पुन्हा पुन्हा सांगितला होता. तुम्हालाही सांगते, कारण पुढचे सारे त्यावरच उभे आहे. ओला रंग पृष्ठभागावर सारखा पसरतो. पण त्या पृष्ठभागावर तेलाचा अंश असेल तर तिथे रंग टिकत नाही. तो चहूबाजूंनी मागे सरतो आणि मध्ये गोल खड्डा उरतो. तेल डोळ्यांना दिसलेच पाहिजे असे नाही. बोटाचा एखादा ठसाही पुरतो. म्हणून रंगापूर्वी थिनरने आणि मग स्वच्छ कोरड्या कापडाने पुसून घ्यायचे. शेवटचे ते पुसणे ह्यांनी माझ्यावर सोपवले होते. म्हणत, “स्वच्छतेत तुझ्यापुढे कोण जाणार?”

दारे झाली, मडगार्ड झाले, डिकी झाली, स्टुलावर उभे राहून छतही झाले. प्रत्येक भाग असा उतरला की नरसिंगरावांची थट्टा बंद पडली. आणि जसजशी गाडी निळी होत गेली, तसतशी माझी झोप उडत गेली. वाळलेल्या प्रत्येक दारासरशी पुणे जवळ येत होते. रंगाचा वास घरभर असे, आणि मला तो सामान बांधल्याचा वास वाटे. पोळ्या लाटताना मध्येच मनात येई — हे पोळपाट नेणार की इथेच कोणाला द्यायचे?

राहिले फक्त बॉनेट.

त्या सकाळी माझे डोके दुखत होते, म्हणून मी डोक्याला खोबरेल चोळले होते. हात धुतले होते — निदान मला तसे वाटत होते. ह्यांनी हाक मारली, मी गेले, बॉनेट पुसले आणि बाजूला झाले. गन चालू झाली. थोड्याच वेळात निळ्या रंगात एक गोल उघडला. मग दुसरा. मग देवीच्या व्रणांसारखे कितीतरी, मधोमध, सगळीकडे. ह्यांनी गन खाली घेतली. “तेल असेल का गं?”

मी हातातले कापड नाकापाशी नेले. खोबरेलाचा वास स्वच्छ येत होता.

पहिला अपराध मी जाणून केलेला नव्हता, हे सांगण्यामागे सवलत मागण्याचा हेतू नाही. उलट त्यानंतरचे सारे जाणून केले, हे नीट दिसावे म्हणून सांगते. मी तोंड उघडले होते. चूक माझी, असे म्हणणारच होते. तेवढ्यात हे निराशेने म्हणाले, “आता पुन्हा सगळं घासायचं. अभयला कळवून टाकू — पावसाळ्यानंतरच निघता येईल.” पावसाळ्यानंतर! छातीवरचे ओझे कोणीतरी उचलून बाजूला ठेवावे, तसे मला झाले. आणि मी म्हणाले, “तेल कुठून येणार? मी पुसलं होतं ना.”

त्यांनी मान हलवली. माझ्या पुसण्यावर शंका घेणे त्यांना सुचलेच नाही.

पाऊस सरला. बॉनेट पुन्हा घासून, प्रायमर देऊन तयार झाले. अभयने आमच्यासाठी एक खोली रिकामी करून ठेवली होती. सूनबाईने पडद्यांचा रंग कोणता हवा म्हणून विचारलेही होते. रंगाच्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेले. खोबरेलाची बाटली उघडली. कापडाच्या एका कोपऱ्याला थोडेसे तेल लावले आणि तो कोपरा आत दुमडून घेतला, बाहेरून काही दिसू नये म्हणून. पाहिलेत? घाबरलेल्या माणसाचे हातसुद्धा किती व्यवस्थित काम करतात! बाहेर येऊन बॉनेट पुसले. शाळेत फळा पुसत असे तसेच, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, एकही जागा न सोडता.

पुन्हा तेच झाले. पहिल्याहून वाईट.

ह्यांनी गन स्टुलावर ठेवली. नंतर दोन्ही हात माझ्यापुढे धरले, तळवे खाली, बोटे पसरून. वर्गात नखे तपासायला मुले हात पुढे करीत, तसे. म्हणाले, “नीट बघून सांग. थरथरतात का गं?”

तुम्हाला एव्हाना वाटले असेल, की तेल हाच माझा अपराध. तेवढाच असता, तर तो मी कदाचित कधीच सांगून टाकला असता — थट्टेवारीही नेला असता. पण हा क्षण? हात थरथरले तर रंग ओघळतो, जाडपातळ बसतो. त्याचे गोल खड्डे होत नाहीत. हे मी जाणत होते. शिवाय ते हात माझ्यासमोर होते. निळ्या शिंतोड्यांनी भरलेले, नखांत लांबी अडकलेले, आणि पूर्णपणे स्थिर. भिंतीवर बसवलेल्या फळीसारखे स्थिर. मी ते नीट पाहिले.

आणि म्हणाले, “थोडे.”

एवढाच शब्द. मी तो हळुवार आवाजात, काळजीने म्हणाले.

“वाटलंच मला,” हे म्हणाले. “छतापर्यंत पुरले, बॉनेटला संपले.” त्यांनी गन धुतली, वर्तमानपत्रात गुंडाळली, कॉम्प्रेसर परत पाठवला. त्या रविवारी फोनवर अभयला म्हणाले, “आम्ही इथंच बरे. या हातांनी एवढ्या लांब गाडी नेणं धोक्याचं आहे, तुझ्या आईला घेऊन तर नाहीच.” मला हवे होते ते मिळाले होते. मी शेजारीच भाजी निवडत बसले होते.

निरीक्षणे अशी. गाडीवर कव्हर चढले. नरसिंगराव एकदा भिंतीवरून डोकावले, कव्हर पाहिले, आणि डोके खाली घेतले. हे चहा अर्धाच कप घेऊ लागले, सांडू नये म्हणून. बँकेत सही करताना मागच्या माणसाला आधी पुढे जाऊ देत. अभयच्या आग्रहाने डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, हातांना काहीही झालेले नाही. रिक्षात हे मला म्हणाले, “डॉक्टर दोन मिनिटं बघतात. तू सगळा जन्म बघत आलीस.” रिक्षा बरकतपुऱ्याच्या वळणावर अडकली होती. बोलायला वेळ भरपूर होता. मी बाहेर पाहत राहिले.

मग अभय आणि सूनबाई बाळाला घेऊन आले. आमची पहिली नात. सूनबाई तिला ह्यांच्यापुढे धरून म्हणाली, “घ्या ना बाबा.” ह्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एक पाऊल मागे घेतले. हसत म्हणाले, “नको, नको. माझ्या हातांचा भरवसा नाही. आजीकडे दे.”

मी हात पुढे केले. माझे हात. आणि मुलगी घेतली.

ती आता इंग्रजी शाळेत जाते. तिला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. ह्यांनी तिला कधीच कडेवर घेतले नाही. ती त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी राहत असे. आणि एक निरीक्षण राहिले, त्याचीच मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. अलीकडे त्यांचे हात खरोखर थरथरतात. एकटे असताना नाही — मी दाराआडून पाहिले आहे. कोणी समोर असले की थरथरतात. हे वयाने आले, की माझ्या शब्दाने? विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे ठरवता येत नाही, आणि दुसऱ्या कोणाला विचारण्याची सोय तिने ठेवलेली नाही.

अनुमान लिहिते. त्यांच्या हातांत दोष नव्हता. मला जायचे नव्हते, एवढे सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते, आणि त्याची भरपाई मी त्यांच्या हातांकडून करून घेतली.

हे छापून आले की अंक टपालाने आमच्याच घरी येईल. तोंडाने सांगवले नाही म्हणून कागदाचा आधार घेते आहे, हे तुम्ही ओळखलेच असेल. तेही या अपराधातच धरावे. हे कुठलाही अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत क्रमाने वाचतात. पोर्चमधल्या खुर्चीत बसून, कव्हर घातलेल्या गाडीशेजारी. मी तो अंक लपवणार नाही. ते या पानापाशी येतील तेव्हा मी स्वयंपाकघरातही जाणार नाही. समोरच्या खुर्चीत बसेन.