चिमण्यांसाठी तेलाचा डबा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि आज सांगतानाही, ते खोटं मी नेमकं कुणासाठी बोलले, हे मला ठरवता येत नाही.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत सुट्टीत मी मुलांना जमवायचे. घरातल्या टाकाऊ वस्तूंमधून पक्ष्यांसाठी काहीबाही करायचो. करवंटीत दाणे, कापलेल्या बाटलीत पाणी. वरच्या मजल्यावरची रेवा, नऊ वर्षांची, चिमण्यांच्या घरट्यासाठी बुटांचा खोका घेऊन आली. पुठ्ठा पावसात टिकणार होता का? मी तिला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा दिला.

"पण काकू, पत्रा तापेल ना?"

सगळ्या मुलांसमोर मी हसले. फार कळतं गं तुला, म्हटलं. मग तिने मन लावून तो डबा रंगवला. भोक मी पाडून दिलं आणि डबा माझ्या गॅलरीच्या ग्रिलला, पश्चिमेला, बांधला. चिमण्या आल्या. खरंच आल्या!

मे महिन्यात रेवा मामाकडे गेली. एका दुपारी डब्यातली चिवचिव थांबली. मी हात लावला — चटका बसला. पिल्लं मोजली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि ओल्या कचऱ्यात टाकली. डबा धुऊन परत तिथेच बांधला. का बांधला?

ती परतली ती थेट माझ्याकडेच आली.

"उडाली गं," मी म्हणाले.

तिचा चेहरा असा फुलला... आणि मग, मी उगाच शंका काढली, सॉरी काकू, असं म्हणाली. तेव्हा तरी बोलायचं ना? पोरीचं मन मोडवेना — की स्वतःची चूक कबूल करवेना? कधी हे वाटतं, कधी ते.

पुढच्या उन्हाळ्यात तिने तसेच सहा डबे केले, घरोघर दिले. पत्रा तापेल असं कुणी म्हटलं, की ती माझ्या गॅलरीकडे बोट दाखवायची. मी तिच्या शेजारीच उभी असायचे. त्या डब्यांत काय झालं, मी कधी कुणाला विचारलं नाही.

आता ती बोरिवलीच्या एका शाळेत शिकवते. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. वर्गातल्या मुलांकडून डबे करून घेतेय, म्हणाली, अगदी आपल्यासारखे. मुलांना सांगायचं होतं तिला — पहिल्या डब्यातून किती पिल्लं उडाली होती?

"तीन," मी म्हणाले.

डबे कुठल्या बाजूला बांधणार, तेवढंही विचारलं नाही.