पायी चालणाऱ्यांचा रकाना

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. शहर कडकडीत बंद होतं, तरी साहेबांच्या हुकमानं आम्ही दोघं कारकून पैठण रस्त्यावर वाहनं मोजायला बसलो. त्यावरून पुढच्या मोठ्या रस्त्याचा आराखडा ठरणार होता. वाहन एकही नव्हतं, पण कामगार कारखान्याकडं पायीच निघाले होते. फॉर्मात त्यांना रकानाच नव्हता. माझ्या शहागंजच्या जोडीदारानं पट्टी लावून तो आखला आणि दुपारपर्यंत भरलाही. पक्की प्रत करताना मी शहाण्यानं तो गाळला.

रस्ता लई रुंद झाला, फूटपाथ मात्र झालाच नाही. आता दोघंही निवृत्त आहोत, रोज तिथंच फिरतो. हॉर्न वाजला की तो माझा हात धरून मला नालीकडं ओढतो आणि विचारतो, "क्यों रे, अपना रकाना किधर है?"