विंझरला पडलेलं विमान

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. करताय? नाही ना? बरं, तरी ऐका. आजही आठवलं की माझे कान तापतात.

एका छोट्या विमान कंपनीत मला पायलटची नोकरी लागली आणि आमच्या विंझरनं शाळेच्या पटांगणात माझा सत्कार केला. शाल, नारळ, फेटा! आता नोकरी लागली म्हणजे दुसऱ्या दिवशी विमान हातात देतात का हो? आधी हैदराबादला ट्रेनिंग. तिथलं सिम्युलेटर म्हणजे खोलीत ठेवलेलं खोटं विमान. पडद्यावर आभाळ दिसतं, यंत्र गदागदा हलतं आणि मागे बसलेल्या शिकवणाऱ्या मॅडम एकेक संकट सोडत राहतात. त्यात पास झाल्याशिवाय खऱ्या विमानाला हात लावायचा नाही.

पण फेटा बांधून घेतलेल्या माणसानं हे घरी सांगायचं कसं? वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, रोज फोन. "आज किती माणसं न्हेली रं?"

मी म्हणायचो, "सत्तर."

एक दिवस मॅडमनी डाव्या इंजिनाला आग लावली. खात्री करून तेच बंद करायचं, एवढं सोपं. माझी अशी तंतरली की मी धडधाकट उजवंच बंद केलं! पडदा लाल. मॅडम म्हणाल्या, "सगळे गेले. बाहेर जाऊन पाणी पिऊन या."

बाहेर आलो तर अण्णांचा फोन. मला रडूच फुटलं.

"अण्णा, इंजिनाला आग लागली. म्या चांगलंच इंजिन बंद केलं. विमान पडलं!"

"आरं द्येवा! तू?"

"मी बराय, पण आता तोंड कुणाला दाखवू?"

तेवढ्यात तिकडची रेंज गेली. आत मोबाईल चालत नाही, म्हणून मी तो बंद केला आणि पुन्हा जाऊन बसलो. दोन तास!

नंतर लावला तर आईनं उचलला. मागे आत्याचा हंबरडा. टीव्हीवर काहीच दिसेना म्हणून कुणीतरी ओरडतंय, "बातमी दाबली! बातमी दाबली!"

आई म्हणाली, "तुज्याकडं निघालोय. टेम्पो दारात हुबा हाय, बारा जण चढलं बी."

मग अण्णांनी फोन घेतला. आवाज एकदम शांत. "ह्ये बग, जी सत्तर माणसं गेली त्यांच्या घरी आपुन दोघं जाऊ. घरोघर. म्या म्होरं हून पाया पडतो, तू मागं हुबा ऱ्हा. पर पळू नगंस."

अहो, कुठं तोंड लपवावं तेच कळेना!

"अण्णा, कोण गेलं न्हाई. ते खोटं विमान हुतं. खोलीतलं, शिकायचं."

"आन् रोजची सत्तर माणसं?"

"ती बी… खोटीच."

मग अण्णा बाहेर जाऊन ओरडल्याचं मला फोनवर स्पष्ट ऐकू आलं.

"उतरा रं समदी खाली! पोरगं अजून उडालंच न्हाई!"