चिठ्ठीसाहेबांच्या टाकीचं झाकण

कारखान्यातल्या स्टोअरच्या खिडकीमागे एकतीस वर्षं बसून चिठ्ठीसाहेबांनी लोकांना नट, बोल्ट आणि वॉशर मोजून दिले, आणि निवृत्त होताना आपल्याला यंत्रं कळतात असा समज बरोबर घेऊन ते घरी आले. भांड्यांच्या दुकानात काम केलं म्हणून स्वयंपाक येतो म्हणण्यातलाच हा प्रकार. 'चिठ्ठीसाहेब' हे नाव कामगारांनी ठेवलेलं. फोरमनच्या सहीची चिठ्ठी दाखवल्याशिवाय हा माणूस साधा वॉशर द्यायचा नाही. एकदा शेजारच्या शेडला आग लागली, तेव्हा वाळूच्या बादलीसाठीही त्यांनी चिठ्ठी मागितली म्हणतात. ही गोष्ट खोटी असेल, पण त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही ती खोटी वाटली नाही.

त्यांची मोटारसायकल सव्वीस वर्षांची. तिला ते पोटच्या पोरीसारखं जपत, म्हणजे दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. तर या गाडीने सात महिन्यांपासून एक खोड धरली होती. गावातल्या गावात कुठेही न्या, बिनतक्रार चालायची. लांब नेली की पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर आचके देत बंद पडायची. मग तास-दीड तास रस्त्याच्या कडेला ताटकळायचं, आणि जणू काही झालंच नाही अशी ती पुन्हा सुरू व्हायची.

आणि लांब जायचं ठिकाण एकच होतं. बायकोची थोरली बहीण पंचेचाळीस किलोमीटरवरच्या रुग्णालयात पडून होती. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, बोलणं एकेका शब्दावर आलेलं. आई लवकर गेली तेव्हा याच ताईने धाकटीच्या वेण्या घातल्या, तिचा अभ्यास घेतला. आता फक्त रविवारी, चार ते पाच, एवढीच भेटायची वेळ. पाचच्या ठोक्याला फाटक बंद. गेल्या सहापैकी चार रविवार धाकटीने प्लगचा पाना हातात धरून रस्त्यावर उभं राहून घालवले होते. ताईचे असे किती रविवार उरलेत ते डॉक्टर सांगत नव्हते, आणि ते का सांगत नाहीत हे तिला कळत होतं.

चिठ्ठीसाहेब मात्र मजेत होते. निवृत्तीनंतर त्यांना पहिल्यांदाच बोलायला विषय मिळाला होता. त्यांनी एक वही केली. कितव्या किलोमीटरला बंद पडली, ऊन किती होतं, कुठला भाग बदलला, सगळं त्यात. प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटर तीनदा उघडून तीनदा तसाच बसवला. बिघाड म्हणजे फळीवरून नवा भाग काढून द्यायचा, याच्या पलीकडे त्यांची विद्या गेलेली नव्हती. कोपऱ्यावरचा मेकॅनिक बिचारा म्हणाला, "काका, दोन दिवस ठेवा ना गाडी माझ्याकडे."

"म्हणजे शिकणार तू, आणि पायी हिंडणार मी?" असं त्याला सुनावून ते घरी आले.

गाडी चौथ्यांदा की पाचव्यांदा बंद पडली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, एक लक्षात आलं का तुमच्या? पेट्रोल बघायला तुम्ही झाकण उघडलंत ना, की त्या दिवशी ती लगेच सुरू होते. नाही उघडलंत तर तास-दीड तास जातो."

"अगं, नुसतं बघून गाडी सुरू होत असती, तर पेट्रोल भरायला कशाला लागलं असतं?"

हा विनोद त्यांना इतका आवडला की पुढे आठवडाभर त्यांनी तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवला, बायकोच्या देखत. तिने आणखी दोनदा सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग तिने तो विषय काढणंच सोडलं.

असे महिने गेले, आणि एका रविवारी अडीच वाजता गाडी पुसून चिठ्ठीसाहेबांनी हाक मारली, "चल, निघायचं." घरात कुणी नव्हतं. शेजारीण खिडकीतून म्हणाली, "काकू बारालाच गेल्या. बसने. दोन बस बदलाव्या लागतात म्हणाल्या."

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दारात गाडी असताना बस? गाडी पोचते की नाही ते दाखवतोच, म्हणून ते एकटेच निघाले.

सव्विसाव्या किलोमीटरला, वीटभट्टीपाशी, गाडी बंद पडली. साहेब उतरले, पाना घेतला, आणि "हे बघ, इंजिन तापलं की काय होतं..." एवढं बोलून थांबले. ऐकायला मागे कुणी नव्हतं. सात महिन्यांत प्रथमच त्यांचं तोंड बंद होतं. त्या शांततेत त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं, आणि टाकीने फुस्स करून हवा आत ओढली. आवाज रोजचाच होता. आजवर तो साहेबांच्या व्याख्यानाखाली दबत होता, एवढंच.

त्यांनी झाकण उलटं केलं. आत जुन्या ट्यूबची काळी चकती घट्ट बसवलेली होती, कडा कशा सुबक कापलेल्या. चकती त्यांचीच. सात महिन्यांपूर्वी घरात पेट्रोलचा वास यायला लागला होता. आपल्या टाकीतून चिठ्ठीशिवाय वाफ बाहेर जाते हे त्या जिवाला सहन झालं नाही, आणि झाकणाचं बारीक भोक त्यांनी स्वतःच्या हाताने बुजवलं. पण त्याच भोकातून हवा आत जायची. ती थांबली, की थोड्या वेळाने पेट्रोलही खाली उतरायचं थांबायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही सात महिन्यांचा.

दुसरा कुणी असता तर शरमला असता. साहेब खूश झाले. अखेर शोधलं की नाही! चकती खिशात टाकून त्यांनी किक मारली आणि चार वीसला ते रुग्णालयात पोचले.

बायको ताईचे केस विंचरत होती.

"सापडलं," ते दारातूनच म्हणाले. "भल्याभल्यांना कळलं नसतं." मग स्टूल ओढून ते ताईलाच समजावून सांगायला बसले. "त्याचं काय आहे ताई, बिघाड इंजिनात नव्हताच. टाकीला..."

ताईचे ओठ हलले. तिला शब्द जुळवायला वेळ लागायचा, म्हणून साहेबांनाही थांबावं लागलं.

"झा... कण," ताई म्हणाली.

साहेब बायकोकडे बघायला लागले.

"मीच सांगितलं होतं तिला, पाच महिन्यांपूर्वी," केसांतून फणी फिरवत बायको म्हणाली. "तिला एकदाच सांगावं लागलं."

पाच वाजता फाटकाबाहेर साहेबांनी गाडी सुरू केली. "बस. आता नाही बंद पडायची."

"तुम्ही व्हा पुढे. मी बसने येते."

"अगं, पण आता दुरुस्त झालीय."

"गाडी झाली," ती म्हणाली आणि थांब्याच्या दिशेने चालायला लागली.

परतीचे पंचेचाळीस किलोमीटर गाडी एकदाही अडखळली नाही. ते बघायला मागच्या सीटवर कुणी नव्हतं.